निगेटिव्ह वाचायला शिकताना

टेबलावर धुऊन वाळवलेले दोन रोल आहेत आणि दोन्ही कोरे. ३६ चौकटींपैकी एकीतही चित्र उमटलेले नाही, पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत पारदर्शक. नवशिक्याला दोन्ही अपयशे सारखीच वाटतात. पण थोडे दिवस डार्करूममध्ये काढलेला माणूस चौकटींकडे बघतच नाही. तो पट्टी उजेडासमोर धरतो आणि तिच्या कडा वाचतो. छिद्रांच्या ओळीबाहेर फिल्मचे नाव आणि चौकटींचे आकडे असतात. ते कारखान्यातच प्रकाशाने छापलेले असतात आणि फिल्म धुतल्यावर चित्रांबरोबर दिसू लागतात. पहिल्या रोलवर हे आकडे काळेभोर उमटले आहेत. म्हणजे रसायनांनी आपले काम चोख केले, फिल्मवर प्रकाशच पोहोचला नाही: रोल कॅमेऱ्यातल्या दुसऱ्या रिळात अडकला नव्हता आणि फोटो काढणारा रिकामेच शटर दाबत राहिला. दुसऱ्या रोलवर आकडेही नाहीत. तिथे चित्रे कदाचित उत्तम टिपली गेली असतील, पण चित्र उमटवणारा डेव्हलपर मेलेला होता किंवा घाईत आधी चित्र पक्के करणारा हायपो ओतला गेला.

कृष्णधवल फोटोग्राफी फिल्मवर शिकायची म्हणजे मुख्यतः हे वाचन शिकायचे. कॅमेरा हाताळणे आठवड्यात जमते, रसायने कालवणे एका दुपारी. पण वाळलेली निगेटिव्ह उजेडासमोर धरून ‘हे असे का झाले’ याचे उत्तर तिच्यातूनच काढता येणे, ही या विद्येची खरी पायरी आहे. चौकटी दाट आणि कडेचे आकडे नेहमीसारखे, तर कॅमेऱ्यात प्रकाश जास्त गेला. दोन्ही दाट, तर डेव्हलपर गरम होता किंवा वेळ जास्त झाला. चौकटीत चंद्रकोरीसारखे काळे डाग दिसले, तर अंधारात रिळावर चढवताना फिल्म मुडपली. पट्टीवर दुधासारखी साय दिसली, तर हायपो कमी पडला. तो पुन्हा देता येतो. डेव्हलपिंग कमी पडले असेल, तर मात्र हायपो दिल्यानंतर परतीची वाट नाही. प्रत्येक चूक आपल्या कारणाची खूण मागे ठेवते. इतक्या प्रामाणिकपणे शिकवणारी साधने फार थोडी असतील.

हे वाचन जमण्यासाठी पट्टीवर काय घडते ते ठाऊक हवे. फिल्मवर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्यात चांदीच्या क्षाराचे, मुख्यतः सिल्व्हर ब्रोमाइडचे, असंख्य कण विखुरलेले असतात. शटर उघडून मिटते तेवढ्यात ज्या कणांना पुरेसा प्रकाश मिळतो, त्यांच्यावर चांदीचे मोजके अणू मोकळे होतात. हा बदल इतका सूक्ष्म असतो की तो डोळ्यांना मुळीच दिसत नाही. डेव्हलपर नेमके हेच कण हेरतो आणि अख्ख्या कणाची धातुरूप चांदी करून टाकतो. मूळ बदल सुमारे अब्जपट वाढतो. विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बटला या अदृश्य प्रतिमेचा शोध १८४० साली लागला आणि तासभर चालणारे काम मिनिटांवर आले. उरलेला क्षार तसाच ठेवला, तर तोही उजेडात काळा पडेल. म्हणून तो विरघळवणारा हायपो लागतो. त्याचा हा गुण जॉन हर्शेलने १८१९ मध्येच नोंदवला होता. छायाचित्रे टिकवण्यासाठी तो कामी येईल, हे त्यानेच १८३९ मध्ये दाखवले. डेव्हलपर आणि हायपो ही जोडी आजही तीच आहे.

ही विद्या महाराष्ट्रात फार लवकर पोहोचली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. हरिश्चंद्र चिंतामण हे पुढे नावाजलेले छायाचित्रकार त्या वर्गातून आले. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांनीही कॅमेरा हाती घेतला आणि सोसायटीच्या कामात भाग घेतला. वैद्यक शिकलेल्या माणसाला रसायनांची भीती नसते, हे त्यामागचे एक कारण असावे. तेव्हा फिल्म नव्हती. काचेवर रसायन ओतून ती ओली असतानाच चित्र घ्यावे आणि धुवावे लागे. मुंबईच्या उन्हात ती काच वाळण्याआधी तंबूत पळणारी ही माणसे काय चिकाटीची असतील!

पण घरातल्या डार्करूमची महाराष्ट्राला सगळ्यात जवळची कथा दादरची आहे. धुंडिराज गोविंद फाळके सिनेमाकडे वळण्याआधी छायाचित्रकार होते. बडोद्याच्या कलाभवनात ते फोटोग्राफी आणि छपाईच्या प्रक्रिया शिकले, गोध्र्यात त्यांनी स्टुडिओ चालवला. १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन परतल्यावर त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोड्या थोड्या वेळाने एकेक चौकट घेत टिपली आणि ती फिल्म दाखवून भांडवल उभे केले. कच्च्या फिल्मला तेव्हा छिद्रे नसत. ती घरीच यंत्राने, अंधारात पाडावी लागत. हे काम सरस्वतीबाई फाळके शिकल्या. रसायने कालवणे आणि फिल्म धुणेही त्यांच्याकडे आले. दिवसा सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्या करत आणि रात्री त्याच घरात फिल्म धुतली जाई. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. पडद्यावर त्यांचे नाव नव्हते, पण भारतातल्या पहिल्या चित्रपट तंत्रज्ञांत सरस्वतीबाईंचे नाव घेतलेच पाहिजे. छिद्रे जरा तिरकी पडली असती किंवा एका फेरीत डेव्हलपर थोडा थंड राहिला असता, तर पडद्यावरचा राजा हलला असता किंवा मधेच फिका पडला असता.

त्या काळच्या फिल्मची एक सोय होती. तिला निळा रंग भरपूर दिसे, तांबडा जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे तांबड्या दिव्यात ती डोळ्यांदेखत धुता येई. मात्र चित्रात त्याची किंमत मोजावी लागे. निळे आभाळ पांढरेफटक निघे आणि तांबडी वस्तू काळी. जुन्या स्टुडिओतल्या फोटोंत आजीच्या, पणजीच्या कपाळावरचे कुंकू शाईच्या ठिपक्यासारखे काळे दिसते, ते यामुळे. आजची फिल्म सगळे रंग ओळखते. त्यामुळे तिच्यासाठी तांबडा दिवाही चालत नाही. ठार काळोख लागतो.

आणि सगळे रंग ओळखणारी फिल्म नवी अडचण उभी करते. तिच्यावर कुंकू आणि गव्हाळ कपाळ जवळजवळ एकाच करड्या छटेत येऊ शकतात. डोळ्यांना जो फरक ठसठशीत दिसतो, तो फिल्मवर विरून जातो. भिंगापुढे तांबडी काच लावली तर कुंकू आणखी फिके पडते. हिरवी लावली तर गडद होते. पिवळी काच आभाळ किंचित दाबते, तांबडी ते एकदम काळवंडून टाकते आणि सह्याद्रीवरचे पावसाळी ढग उठून येतात. रंग वगळून उजेडाची छटा तेवढी पाहायची ही सवय लागायला वेळ लागतो. शिकणाऱ्याने सुरुवातीला एकच वस्तू तीन काचांमधून टिपावी आणि तीनही निगेटिव्ह शेजारी ठेवाव्यात. कोणत्याही पुस्तकापेक्षा ते लवकर समजते.

मीटर कसा फसवतो, हेही असेच निगेटिव्हवर वाचायचे असते. कॅमेऱ्यातल्या मीटरला समोर काय आहे ते कळत नाही. जे दिसेल ते सरासरी मध्यम करडे आहे, एवढेच तो गृहीत धरतो. ज्येष्ठाच्या अखेरीस ढगाळ दुपारी दिवे घाट चढणारी वारी घ्या. चौकट पांढरी धोतरे, पांढरे सदरे, टोप्या यांनी भरलेली. मीटर म्हणतो, प्रकाश फार आहे, कमी करा. ऐकले तर निगेटिव्ह पातळ येते आणि प्रिंटमध्ये वारकऱ्यांचे कपडे मळकट करडे दिसतात. तिथे मीटरपेक्षा एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) जास्त द्यायचा. वेरूळच्या कैलास लेण्यात बरोबर उलटे. काळ्या कातळाला मीटर करडा करू बघतो. तिथे एक स्टॉप कमी केला तरच कातळ कातळासारखा काळा राहतो. वारीचा आणि तमाशाचा विषय वर्षानुवर्षे धरून ठेवणारे संदेश भंडारे, मुंबईच्या सफाई कामगारांचे जगणे कृष्णधवल चित्रांतून समोर आणणारे आणि २०१६ साली पद्मश्री मिळालेले सुधारक ओलवे, यांची छायाचित्रे नवशिक्याने या नजरेने पाहावीत: सगळ्यात गडद जागी काय दिसते, सगळ्यात उजळ जागी काय उरले आहे?

डार्करूमवाल्यांचा एक जुना नियम आहे: एक्स्पोजर सावलीसाठी, डेव्हलपिंग उजेडासाठी. सावलीतला तपशील फिल्मवर नोंदलाच गेला नसेल, तर कितीही वेळ धुतले तरी तो येत नाही. उजळ भागांची चांदी मात्र डेव्हलपरमधल्या प्रत्येक मिनिटागणिक वाढत जाते. एप्रिलच्या भर दुपारी विदर्भातल्या एखाद्या गावात ऊन आणि सावली यांतले अंतर प्रचंड असते. तिथे प्रकाश थोडा जास्त द्यायचा आणि धुण्याची वेळ कमी करायची, म्हणजे ओसरीतला माणूस दिसतो आणि अंगणही जळत नाही. श्रावणातल्या मऊ उजेडात याच्या उलट. अडचण अशी की छोट्या कॅमेऱ्याच्या ३६ चौकटी एकाच डब्यात, एकाच वेळेत धुतल्या जातात. म्हणून जाणते लोक शक्यतो एक रोल एकाच प्रकारच्या उजेडात संपवतात.

रात्रीच्या मैफिलीत हा नियम ताणला जातो. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवातल्या गायक-वादकांची व्यक्तिचित्रे टिपणाऱ्या सतीश पाकणीकरांसारख्यांच्या कामाकडे पाहताना रंगमंचावरचा तुटपुंजा उजेड लक्षात घ्यावा. ४०० संवेदनशीलतेची फिल्म अशा वेळी १६०० समजून वापरतात आणि जास्त वेळ धुतात. इलफर्डची एचपी५ प्लस आयडी-११ या डेव्हलपरमध्ये एरवी साडेसात मिनिटे धुवायची. १६००ला १४ मिनिटे. चेहरा आणि हात वर येतात, कण जाड होतात, मागचा अंधार मात्र काळाच राहतो. गाण्याच्या फोटोला तो काळोख शोभतोही.

आता प्रत्यक्ष धुणे. पहिली परीक्षा बोटांची असते. ३५ मिलिमीटरचा ३६ फोटोंचा रोल दीड मीटरहून लांब असतो. तो ठार अंधारात, किंवा बाह्या असलेल्या काळ्या पिशवीत हात घालून, चक्राकार खाचांच्या रिळावर चढवायचा. आधी वाया गेलेली फिल्म घेऊन उजेडात, मग डोळे मिटून, मग अंधारात, असा सराव करतात. रीळ जरा ओले असले की फिल्म अडते. पावसाळ्यात पिशवीत हाताला घाम सुटतो, जिलेटिन चिकटते आणि बोटांना धीर राहत नाही. अशा वेळी रीळ आणि फिल्म डब्यात ठेवून झाकण लावायचे, हात बाहेर काढून पुसायचे आणि पाच मिनिटांनी पुन्हा सुरू करायचे. ओढाताण केली की त्या चंद्रकोरी उमटतात.

झाकण एकदा बसले की पुढचे सगळे उजेडात. एका रोलला सुमारे ३०० मिलिलीटर डेव्हलपर लागतो. तो ओतायचा, डबा पहिल्या दहा सेकंदांत चार वेळा उलटासुलटा करायचा, बुडबुडे सुटावेत म्हणून ओट्यावर हलकेच आपटायचा. पुढे दर मिनिटाच्या सुरुवातीला पुन्हा चार वेळा. मग सौम्य ॲसेटिक आम्ल, मग हायपो, मग भरपूर पाणी. सगळे मिळून अर्धा-पाऊण तास. वेळापत्रक काटेकोर असले, तरी इथे शिकणाऱ्याची गाठ पडते ती पाण्याच्या उष्णतेशी.

डेव्हलपरच्या पाकिटावरचे सगळे आकडे २० अंश सेल्सिअसला धरून छापलेले असतात. मे महिन्यात मुंबईत गच्चीवरच्या टाकीतले पाणी ३० अंशांना सहज भिडते. दर अंशाला वेळ साधारण दहा टक्क्यांनी घटते. म्हणजे २० अंशांना साडेसात मिनिटे लागणारी एचपी५ प्लस २४ अंशांना पाच-सव्वापाच मिनिटांत तयार होते आणि ३० अंशांना तीन मिनिटांच्याही आत. एवढ्या थोड्या वेळात डेव्हलपर फिल्मवर सारखा पसरत नाही. आभाळात पट्टे दिसतात. शिवाय गरम पाण्यात जिलेटिन फुगते, मऊ होते आणि एका द्रावणातून एकदम थंड द्रावणात गेले की त्याला बारीक सुरकुत्या पडतात. त्या कधीच जात नाहीत.

यावरचे उपाय इथल्या लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहेत. बर्फ डेव्हलपरमध्ये टाकायचा नाही. मोठ्या घमेल्यात पाणी आणि पिशवीत बांधलेला बर्फ घेऊन त्यात सगळ्या बाटल्या उभ्या करायच्या. २० अंशांचा हट्ट सोडून २४ धरायचे, पण मग डेव्हलपरपासून शेवटच्या धुण्यापर्यंत सगळे २४च्या आसपास ठेवायचे. आणि डेव्हलपर तितक्याच पाण्यात पातळ करून वापरायचा. आयडी-११ निम्मा केला की २० अंशांना १३ मिनिटे लागतात, २४ला नऊच्या आसपास. हाताला पुरेसा अवधी मिळतो, निगेटिव्हही एकसारखी येते. उष्ण देशांसाठी तयार केलेल्या जुन्या कृतींत जिलेटिन फुगू नये म्हणून डेव्हलपरमध्ये सोडियम सल्फेट असे आणि थर कडक व्हावा म्हणून हायपोत तुरटी. दाढीनंतर गालावर फिरवतात तीच तुरटी. डिसेंबरात महाबळेश्वरी धुणाऱ्याला उलट पाणी कोमट करावे लागेल. पाकिटावरचा तक्ता घेऊन सुरुवात करावी, पण आपल्या गावचा, आपल्या नळाचा तक्ता प्रत्येकाला स्वतःच्या वहीत नव्याने मांडावा लागतो, आणि तो मांडायला शिकवते ती निगेटिव्हच.

बोअरचे पाणी असेल तर आणखी एक त्रास. जड पाण्यातले क्षार वाळताना फिल्मवर पांढरे ठिपके ठेवून जातात. गाड्यांच्या बॅटरीसाठी मिळणाऱ्या डिस्टिल्ड पाण्यात शेवटची बुडी दिली की ठिपके टळतात. वाळत घालायला न्हाणीघरासारखी जागा नाही. आधी शॉवर थोडा सोडून हवेतली धूळ खाली बसवायची, मग पट्टी वर चिमट्याने टांगायची, खाली दुसऱ्या चिमट्याचे वजन.

डेव्हलपर घरी कालवणारेही आहेत आणि त्यात हुशारी दाखवण्यासारखे काही नाही. नीट वजन करता आले की पुरे. कोडॅकचा डी-७६ हा १९२७ सालचा, सिनेमाच्या फिल्मसाठी काढलेला डेव्हलपर. त्याची कृती सर्वज्ञात आहे: एका लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स, म्हणजे आपला टाकणखार, २ ग्रॅम. पाणी ५० अंशांच्या आसपास गरम. क्रम महत्त्वाचा. आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, ते पुरते विरघळले की बाकीचे सगळे. सल्फाइट एकदम ओतले तर मेटॉल विरघळायला नकार देते. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटच्या रसायनवाल्यांकडे आणि बोरा बाजारातल्या फोटोच्या दुकानांत या वस्तूंची चौकशी पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. मेटॉलने काहींच्या कातडीला खाज सुटते, म्हणून हातमोजे हवेत. आणि फाळक्यांच्या घरातली गोष्ट कितीही प्रिय असली, तरी रसायनाचे भांडे स्वयंपाकात परत कधीही जाऊ देऊ नये.

फिल्म मिळणे हे इथे अनेक वर्षे धुण्याहून अवघड होते. आयातीवर निर्बंध होते. पूर्व जर्मनीची ऑर्वो आणि उटकमंडच्या सरकारी हिंदुस्तान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ यांवर कित्येकांनी हात बसवला. १९६० साली स्थापन झालेला हा कारखाना क्ष-किरणांच्या फिल्मपासून ब्रोमाइड कागदापर्यंत सारे बनवत असे. डिजिटल आल्यावर तो टिकला नाही, आणि एवढ्या मोठ्या देशाकडे स्वतःची फिल्म उरली नाही, याची हळहळ वाटावी अशीच गोष्ट आहे. तिकडे जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरी जाहीर केली, तरी रॉचेस्टरला फिल्म बनणे थांबले नाही. २०२३च्या ‘ओपेनहायमर’साठी कोडॅकने ६५ मिलिमीटर रुंदीची कृष्णधवल फिल्म पहिल्यांदाच तयार केली. पेंटॅक्सने २०२४ मध्ये नवा फिल्म कॅमेरा बाजारात आणला. इलफर्डची फिल्म इंग्लंडमधल्या मोबर्ली गावी आजही बनते आणि इथे शिकणाऱ्यांच्या हाती मुख्यतः तीच असते. स्वस्त ती नाही. म्हणूनच शटर दाबण्याआधी माणूस दोनदा पाहतो.

प्रिंटची गोष्ट वेगळी. इथे माणूस पहिल्यांदा आपल्या निर्णयाचे फळ समोर उमटताना बघतो. कागदाला तांबडा उजेड दिसत नाही, म्हणून डार्करूममध्ये तांबडा दिवा चालतो. एन्लार्जरमध्ये निगेटिव्ह घालायची, खाली कागदाची पट्टी ठेवून तीन-तीन सेकंदांनी पुठ्ठा सरकवत चाचणी घ्यायची, डेव्हलपरमध्ये टाकायची. दहाएक सेकंदांत छटा येऊ लागतात. आणि इथेच बहुतेक जण एक चूक करतात: तांबड्या दिव्यात प्रिंट असते त्याहून गडद दिसते, म्हणून ती मिनिट पुरे होण्याआधी बाहेर ओढतात. पांढऱ्या उजेडात बघावे तर काळे नाही, पांढरे नाही, सगळा राखाडी चिखल. कागद पूर्ण वेळ डेव्हलपरमध्येच राहिला पाहिजे. गडद झाली तर पुढच्या खेपेला एन्लार्जरचा उजेड कमी करायचा. धीर धरायचा हा नियम हाताच्या सवयीत उतरेपर्यंत बराच कागद खर्ची पडतो.

१९४० साली इलफर्डने मल्टिग्रेड कागद आणला. त्यामुळे एकाच पाकिटातल्या कागदावर, रंगीत फिल्टर बदलून, छटांमधले अंतर कमी-जास्त करता येऊ लागले. पातळ, मरगळलेल्या निगेटिव्हला वरच्या क्रमांकाचा फिल्टर देऊन काळे-पांढरे ताणता येते. भर उन्हातल्या कडक निगेटिव्हला खालच्याने मऊ करता येते. चेहऱ्यावर तारेला लावलेल्या पुठ्ठ्याच्या चकतीची सावली धरायची, आभाळाला हातांच्या फटीतून जास्त उजेड द्यायचा. चकती सतत हलती ठेवायची, नाहीतर तिची कड चित्रात दिसते.

अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सल ॲडम्सने १ नोव्हेंबर १९४१ रोजी न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र टिपला. घाईत त्याला मीटर सापडेना. पण चंद्राची उजळता किती असते ते त्याला पाठ होते, त्यावरून त्याने हिशेब केला. निगेटिव्ह कठीण निघाली, पुढचा भाग पातळ होता. काही वर्षांनी त्याने त्या निगेटिव्हचा खालचा भाग रसायनाने दाट केला. सुरुवातीच्या प्रिंटांत आभाळात ढग दिसतात. पुढच्या काळातल्या प्रिंटांत ते जवळजवळ काळे आहे. एकच निगेटिव्ह, आणि तिच्याकडे बघणारा माणूस बदलत गेला तशी प्रिंट बदलत गेली. उत्तम निगेटिव्ह आली म्हणजे काम संपले असे मानणाऱ्याने ही प्रिंटे काळानुक्रमे पाहावीत.

आपल्याकडे हे ज्ञान पुस्तकांत कमी आणि स्टुडिओंत जास्त राहिले. तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओत शिकाऊ मुलगा आधी ट्रे धुवायचा, मग हायपो कालवायचा, खूप उशिरा एन्लार्जरपाशी पोहोचायचा. निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने रिटचिंग करणारे कारागीर देवीचे वण आणि सुरकुत्या पुसून टाकत. वापरलेला हायपोही ओतून देत नसत, कारण त्यात विरघळलेली चांदी असते आणि ती काढणारे लोक तो विकत नेत. आज घरी धुणाऱ्यानेही तो मोरीत ओतू नये. चांदी पाण्यातल्या जिवांना घातक असते. डब्यात साठवून चांदी काढणाऱ्याकडे द्यावा. गोव्यात गोवा-कॅपसारख्या केंद्राने गेल्या दशकात जुन्या छायाचित्रण प्रक्रियांची शिबिरे घेतली. स्टुडिओत जे वर्षानुवर्षे शेजारी उभे राहून शिकावे लागे, ते अशा ठिकाणी विचारून शिकता येते, हा मोठा फरक. मुलींनाही ते मोकळेपणी विचारता येते. वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावालांची सुरुवातीची छायाचित्रे ‘इलस्ट्रेटेड वीकली’त त्यांच्या पतीच्या, माणेकशा यांच्या, नावाने छापली जात, हे लक्षात घेतले की या मोकळेपणाचे मोल कळते.

शिकून झालेल्याने पहिले काम आपल्या घरात शोधावे. बहुतेक मराठी घरांत कुठल्यातरी कपाटात, पत्र्याच्या डब्यात जुन्या निगेटिव्ह असतात. पुष्कळ घरांत ‘ॲग्फा क्लिक थ्री’ हा कॅमेरा होता: एका रोलवर बारा चौकोनी फोटो, शटरचा वेग ठरलेला. या निगेटिव्ह सहा सेंटिमीटरच्या आहेत, त्यामुळे एन्लार्जर नसला तरी अडत नाही. कागदावर निगेटिव्ह ठेवायची, तिची निस्तेज बाजू खाली, म्हणजे कागदाच्या चकचकीत बाजूला टेकलेली. वर स्वच्छ काच दाबायची आणि कमी वॅटचा दिवा काही सेकंद लावायचा. किती सेकंद, ते चाचणीची पट्टी सांगेल. त्याआधी कडा वाचाव्यात. ‘सेफ्टी’ असे लिहिले असेल तर फिल्म पेटणारी नाही. पिवळट, चिकट, ठिसूळ आणि तसा शब्द नसलेली फिल्म नायट्रेटची असू शकते. ती उष्णतेपासून दूर ठेवावी आणि जाणकाराला दाखवावी. व्हिनेगरचा वास येत असेल तर ॲसिटेटची फिल्म कुजू लागली आहे. ती इतरांपासून वेगळी करावी आणि तिची प्रिंट सगळ्यात आधी काढावी. प्रिंटच्या मागे मऊ पेन्सिलीने माणसांची नावे, गाव, साल आणि दिव्याचे सेकंद लिहावेत. निगेटिव्ह परत जुन्या प्लॅस्टिकच्या पिशवीत न घालता आम्लविरहित कागदाच्या पाकिटात ठेवावी, पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि गणपतीच्या सुमारास त्या बदलाव्यात.